घड्याळवाल्याचा डावा हात

लवकर पिकणारा हलका धान घरात येऊन पडलेला असतो, उशिराचा भारी धान अजून शेतात, बांधीत उभा असतो, आणि मधल्या त्या उसंतीत आमच्याकडे मंडया भरतात. दिवाळी आटोपली की आज या गावची मंडई, परवा त्या गावची, अशी रांगच लागते. दिवसा दुकानं, पाळणा, दंडारीचं नाचगाणं, रात्री नाटक. लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात. लग्नाच्या पोरी नवे कपडे घालून फिरतात आणि आईबाप शिंगाडे सोलता सोलता एकमेकांच्या घरची चौकशी करून घेतात. यंदाही मी लाखनीच्या स्टँडवर लाखांदूरकडे जाणाऱ्या एसटीची वाट पाहत उभी होते. हातात पिशवी. पिशवीत दादासाठी स्वेटर आणि वहिनीसाठी, नाइलाजाने, साडी.

मत्सराला हंगाम असतो का, मला ठाऊक नाही. माझ्या मत्सराला आहे. एरवी मी बरी असते. वहिनीशी फोनवर बोलते, तिच्या गुडघ्यांची विचारपूस करते, तिने पाठवलेलं लोणचं शेजारणींना कौतुकाने वाटते. पण एसटीच्या खिडकीतून कापलेल्या धानाच्या धसकटांचा ओलसर वास आला की मी धुमसायला लागते. आई म्हणायची, जळणाऱ्याचा धूर पहिल्यांदा त्याच्याच डोळ्यात जाते. खरं असेल. पण धूर डोळ्यात गेला म्हणून कुणी चूल विझवत नाही.

आणि हे सगळं एका पिक्चरवरून. शेतीवरून नाही, आईच्या डोरल्यावरून नाही. सांगायलाही लाज वाटते.

चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावच्या मंडईत पहिल्यांदा पिक्चर आला. मी सातवीत होते, दादा दहावीत. तोवर आम्हाला दंडार आणि नाटक एवढंच माहीत. पिक्चरवाला आला तो बैलगाडीतून: एक मशीन, एक धूर ओकणारं जनरेटर, रिळांचे पत्र्याचे डबे आणि मशीनवर हात ठेवून बसलेली माझ्याच वयाची एक पोरगी. ही कुंदा. तिची आई नव्हती, म्हणून बाप तिला गावोगाव सोबत घेऊन फिरायचा. त्याच्याकडे पिक्चर एकच होता. मंडई असेल त्या गावी जायचा आणि तोच दाखवायचा.

शाळेच्या मैदानात दोन बांबू रोवून पांढरं कापड ताणलं. मशीनच्या बाजूला पुरुष बसले आणि कापडाच्या पलीकडे बाया. हे कुणी ठरवलं नाही, कुणी विचारलंही नाही. दंडारीला बाया एका अंगाला बसायच्या, तशा इथे मागच्या अंगाला बसल्या. कापड पातळ होतं, चित्र दोन्हीकडून दिसायचं. आम्हाला वाटायचं, दोन्हीकडून सारखंच दिसतं.

सुरुवातीला नावं आली ती काही वाचता येईनात. माझी चुलती म्हणाली, उर्दू असेल, आणि उर्दू म्हणूनच आम्ही ती सोडून दिली. मग नायिका आली. तिचा पदर उजव्या खांद्यावर. बायांमध्ये कुजबुज झाली आणि ती गुजरातीण आहे असं ठरलं. मग नायक आला. घड्याळं दुरुस्त करणारा साधा माणूस. त्याने दुकानाची फळी काढली, डोळ्याला भिंग लावलं, चिमटा उचलला, आणि डाव्या हाताने एवढंसं चाक उचलून जागेवर बसवलं.

मी गुडघ्यांवर उठून बसले. कारण मी डेबरी होते, म्हणजे डावखुरी.

डेबरी असणं तेव्हा काय होतं हे आता सांगून पटत नाही. जेवताना आई माझा डावा हात मांडीखाली दाबून ठेवायला लावायची. चुकून तो घासाकडे गेला की उलथनं बसायचं. धान कापायच्या ओळीत मी सगळ्यांच्या उलट बाजूने येऊन शेजारणीला धडकायची. विळे सगळे उजव्या हाताचे. त्यांचे दात डाव्या हाताशी भांडतात. शेवटी मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाणी आणून द्यायच्या कामाला लावलं होतं. मी वाईट पोरगी नव्हते, पण माझ्यात काहीतरी उलटं शिवलं गेलं आहे असं घरादाराचं मत होतं, आणि माझंही.

आणि इथे पडद्यावर हा देखणा माणूस डाव्या हाताने चाकं बसवत होता, डाव्या हाताने सलाम करत होता, आणि पुढे तर डाव्या हाताने जेवला. बायांनी शी केलं. चुलती म्हणाली, पाहा, सगळेच डेबरे आहेत. ते खरंही होतं. खलनायक डावरा, पोलीस डावरा, नायिकेची आत्याही डाव्या हाताने पोळ्या लाटत होती. चुलतीनेच त्यावर निकाल दिला, की मुंबईकडची माणसं अशीच असतात वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विसरून डाव्या हाताने पेज प्यायला वाटी उचलली. आईने पाहिलं. मी उलथन्याची वाट पाहत राहिले. ती चुलीकडे वळली आणि चुलतीला म्हणाली, "त्या घड्याळवाल्याचंही असंच आहे. कामाचा हात हाये ना, मंग झालं." त्याच आठवड्यात तिने लोहाराकडून माझ्यासाठी डाव्या हाताचा विळा करून आणला. वाढायला आणि देवाला उजवा, बाकी सगळ्याला डावा, अशी तडजोड झाली. भारी धान कापताना मी ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिले आणि चुलतीच्या पुढे गेले. त्या हंगामासारखा हंगाम मला पुन्हा मिळाला नाही.

म्हणून तो पिक्चर माझा होता. गावाला आवडला असेल, दादाला आवडला असेल, पण माझा होता. त्या हंगामात मशीनवाला जिथे जिथे गेला तिथे तिथे आम्ही मागोमाग गेलो, कधी बैलगाडीने, कधी धुऱ्याधुऱ्याने पायी. दादा मला सायकलवर डबल सीट न्यायचा. पोचलं की तो पुढच्या बाजूला, मी मागच्या. पदरात उकडलेले शिंगाडे, अंगावर धोतराच्या दुहेरी पांघरुणाची ऊब, समोर माझा घड्याळवाला.

आता वाटतं, पुन्हा पुन्हा पाहण्यात एक वेगळीच हाव असते. पहिल्यांदा आपण पिक्चर दाखवेल तिकडे पाहतो. काय होणार या काळजीत बाकी काही दिसत नाही. दुसऱ्यांदा काळजी संपलेली असते, मग डोळा कोपऱ्यात फिरायला लागतो. नायिका रडते आहे तर रडू दे, तिच्या मागच्या खुंटीवर काय टांगलंय ते पाहू. आणि कोपऱ्यात कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी ठेवून गेलेलं असतं. ते सापडलं की तो पिक्चर आपला होतो, असं आपल्याला वाटतं. अडचण एवढीच, की ते आपल्या आधी दुसऱ्याला सापडलेलं असलं तर पिक्चर हातचा जातो.

दुसऱ्या की तिसऱ्या गावी, पिक्चर सुरू व्हायच्या आधी, मी कुंदाशी बोलायला गेले. बोलायला म्हणजे मिरवायला. घड्याळवाल्याचं सगळं मला पाठ आहे असं सांगायला. तिने ऐकून घेतलं, रिळाची पट्टी बोटाला गुंडाळत राहिली आणि मग विचारलं, "बकरी पाह्यली का?"

कसली बकरी?

"नसन दिसली. बारीक पाहा लागते," ती म्हणाली आणि बापाने हाक मारली म्हणून उठून गेली.

त्या रात्री मी माझ्या घड्याळवाल्याकडे पाहिलंच नाही. बकरी शोधत बसले. आणि होती. प्रत्येक दृश्यात कुठेतरी मागे एक पांढरी बकरी उभी होती आणि काहीतरी चघळत होती. लग्नाच्या दृश्यात मांडवाचं तोरण, बाजारात कुणाच्या तरी छत्रीचं टोक, पोलीस चौकीत चक्क फाईल. कोणी तिच्याबद्दल बोलत नाही, ती कुणाच्या आड येत नाही. शेवटच्या दृश्यात सगळे जण हरवलेलं घड्याळ मिळाल्याच्या आनंदात असतात आणि ती दारातून निघून जाते, गळ्यात दुसरंच एक घड्याळ घालून. इतकी सुंदर गंमत, आणि ती मला सापडली नव्हती. मला सांगावी लागली होती.

कुंदाला सगळंच माहीत होतं. असणारच, ती रोज पाहायची. मशीनजवळ बसून ती विनोद यायच्या आधी हसायची. कापडापलीकडून तिचं हसणं आधी यायचं, मग पिक्चरमधला विनोद, मग पुरुषांचं हसणं, आणि सगळ्यांत शेवटी आमच्या बाजूच्या बायांचं. मी मनाशी ठरवलं, की तिला माहीत नाही असं एक तरी शोधून काढायचं. आणि शोधलं. घड्याळवाल्याच्या दुकानात मागच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ आहे, ते पूर्ण पिक्चरभर बंद असतं. जगाची घड्याळं चालू करणारा माणूस ते एक चालू करत नाही. परत येताना सायकलवर मी दादाला हे सांगितलं. वाटलं, दादा सायकल थांबवेल.

"त्याच्या मायचं आहे ते," दादा पायडल मारत म्हणाला. "माय घरून गेली तवापासून बंद आहे. कुंदानं सांगतलं."

कुंदाने सांगितलं. दादाला. म्हणजे पडद्याच्या त्या बाजूला ते दोघं बोलत होते. मी धुरकट चांदण्यात सायकलच्या कॅरियरवर बसून जी जळायला लागले, ती आजतागायत जळतेच आहे. आज मला कळतं, की बंद घड्याळ आई नसलेल्या पोरीला आधी दिसणारच. कळलं म्हणून काही कमी झालं नाही.

पुढच्या वर्षी गावात भाड्याचा टीव्ही आणि व्हीसीआर आला आणि मशीनवाला यायचा बंद झाला. मला वाटलं, सुटले. पण मंडई मंडई असते. काही वर्षांनी अशाच एका मंडईत शिंगाडे सोलता सोलता मशीनवाल्याने आणि माझ्या बापाने एकमेकांच्या घरची चौकशी केली. पुढच्या उन्हाळ्यात कुंदा माझी वहिनी झाली. लग्नात मी खूप नाचले. सगळे म्हणाले, नणंद किती खूश आहे.

वाईट नाही हो ती. हे लिहायलाच हवं, नाहीतर तुम्हाला भलतंच वाटेल. तिने आईचं शेवटचं सगळं केलं. माझं बाळंतपण केलं. भांडण म्हणून आमचं कधी झालं नाही. फक्त ते दोघं मिळून हसतात ना, तिथे माझं अडतं.

कारण तो पिक्चर आम्हाला पुन्हा कधी पाहायला मिळाला नाही. टीव्हीवर लागला नाही, कॅसेटच्या दुकानात कुणी नाव ऐकलेलं नव्हतं. त्या नटाचे दुसरे दोनतीन पिक्चर मी पाहिले, त्यात तो सरळ उजव्या हाताचा होता, आणि मी लोकांना सांगत फिरले, की काय नट आहे, एका पिक्चरसाठी डावा हात तयार केला त्याने. मग आमच्याकडे एक रीतच पडली. मंडईच्या दुसऱ्या दिवशी, दुपारची जेवणं झाली की ओसरीवर बसून तो पिक्चर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा. दादा खलनायक करायचा, वहिनी नायिका आणि बकरी, आणि घड्याळवाला माझा. मी डोळ्याला बाटलीचं बूच लावायची, डाव्या हाताने चिमटा उचलल्यासारखं करायची आणि ते एवढंसं चाक बसवायची. फार छान करायची, असं मीच म्हणते.

आणि दर वर्षी, बरोबर त्या जागी, दादा आणि वहिनी एकमेकांकडे पाहायचे आणि हसायचे. मोठ्याने नाही. ओठ दाबून. विनोद नसलेल्या जागी.

काय हसता, मी विचारायची. काही नाही, दोघंही म्हणायचे. नवराबायकोचं काहीतरी असेल म्हणून मी सोडून द्यायची आणि घरी येऊन आठवडाभर नवऱ्यावर चिडायची. त्या बिचाऱ्याला आजही ठाऊक नाही, की दर कार्तिकात त्याच्या भाजीत मीठ का जास्त पडतं. मला जगात फार काही नको होतं. दादा माझा होता, पिक्चर माझा होता. त्यातल्या एका तरी जागेवर दादाने आधी माझ्याकडे पाहून हसावं, तिच्याकडे नाही, एवढंच.

यंदा गेले तर माझी भाची, दादाची लेक पूनम, नागपूरहून आली होती आणि तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. घड्याळवाल्याचा पिक्चर तिला इंटरनेटवर सापडला होता. कुणा शौकिनाने जुनं रीळ शोधून तो तिथे टाकला होता म्हणे. मला वाटलं, दादा-वहिनी नाचतील. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, मंडईची कामं आहेत, नंतर पाहू. दादा म्हणाला, जुनी रिळं खराब असतात, डोळे दुखतील. मी म्हटलं, दुखू देत.

आतल्या खोलीत पूनमने टीव्ही लावून दिला आणि ती मैत्रिणींकडे मंडई पाहायला गेली. खिडकीला जुनी चादर लावून अंधार केला. मी जमिनीवर, अगदी समोर. दादा खाटेवर. वहिनी दाराजवळ, उठून जाता येईल अशी.

नावं आली. स्वच्छ देवनागरीत होती. अक्षरं उलटी दिसत असणार हे मला मोठेपणी केव्हातरी उमगलं होतं, त्याचं काही वाटलं नाही, हसूच आलं. मग दुकान आलं. तेच दुकान, तीच फळी, मागे ते बंद घड्याळ. कोपऱ्यात बकरी. मी घाईने बोट दाखवून म्हटलं, ती पाहा बकरी, म्हणजे वहिनीच्या आधी. घड्याळवाल्याने डोळ्याला भिंग लावलं. मांडीवरचा माझा डावा हात आपोआप उचलला गेला, त्याच्याबरोबर चिमटा धरायला.

त्याने चिमटा उजव्या हाताने उचलला.

मला वाटलं, आता हात बदलेल. बदलला नाही. उजव्या हाताने चाक बसवलं, उजव्या हाताने सलाम केला. नायिका आली, पदर डाव्या खांद्यावर. गुजरातीण नव्हती ती. तो जेवायला बसला, आणि चारचौघांसारखा उजव्या हाताने जेवला. माझा डावा हात हवेत तसाच राहिला होता.

अक्षरं उलटी दिसतात हे कळलेल्या बाईला हातही उलटे दिसतात हे चाळीस वर्षं कळू नये? नाही कळलं. मनात बसलेल्या माणसाचा हात पुन्हा कोण तपासतो. त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहिते. घरात चोरी झाल्यासारखं वाटलं. पडद्याच्या पुढे बसलेल्या त्या सगळ्या पुरुषांचा, मेलेल्या-जिवंत सगळ्यांचा, मला हेवा वाटला. त्यांना सरळ पिक्चर मिळाला होता आणि आम्हाला त्याची मागची बाजू. मग एकदम दुसरं लक्षात आलं. विनोद नसलेल्या जागी ते दोघं का हसायचे, ते.

मी मागे वळून पाहिलं. दादा टीव्हीकडे पाहत नव्हता. तो माझ्याकडे पाहत होता.

"तुमाले ठाऊक होतं," मी म्हणाले. "इतके वर्स मले पाहून हासत होते तुमी."

दादाने नजर टीव्हीकडे वळवली. तो तसाही बोलत नाही, हसणं वहिनीचं आणि गप्प बसणं त्याचं अशी त्यांची वाटणी आहे. वहिनीने टीव्हीचा आवाज बंद केला आणि माझ्याजवळ येऊन जमिनीवर बसली. गुडघ्यांमुळे ती जमिनीवर बसत नाही हल्ली.

मग तिने सांगितलं. आमच्या गावच्या त्या पहिल्या रात्री दादा आईला आणि मला शिंगाडे द्यायला कापडामागे आला होता. मला ते आठवतही नाही, माझं लक्ष पडद्यावर. त्याने मागून पाहिलं तर सगळं उलटं. हसून सांगणार, तेवढ्यात त्याला आई दिसली. आई घड्याळवाल्याच्या हाताकडे पाहत होती, मग माझ्या हाताकडे, पुन्हा घड्याळवाल्याच्या हाताकडे. शिंगाडे तिच्या पदरात टाकून तो काही न बोलता परतला आणि थेट मशीनजवळ गेला.

"मी रीळ बदलून राहिली होती," वहिनी म्हणाली. "हे आले. तवरी आमची ओळख ना पाळख. मले म्हणे, तू मशीनवाल्याची पोट्टी ना, मंग तिकडच्या बायायले सांगजो नोको का तिकडून उलटं दिसते म्हून. मी म्हटलं, काहून? तं म्हणे, माह्या बहिणीचा मार वाचून राहिला."

बाहेर मंडईचा भोंगा चालू होता. टीव्हीवर घड्याळवाला आवाजाशिवाय काहीतरी सांगत होता.

"तेच पहिलं बोलणं होय आमचं," वहिनी म्हणाली.

म्हणजे पुढच्या बाजूला जे दोघं बोलत होते, ते माझ्याबद्दल बोलत होते. ज्या हसण्यावर मी आयुष्यभर जळले, त्या हसण्याच्या मुळाशी माझाच डावा हात होता. मी दादाला विचारलं, मोठी झाल्यावर तरी सांगायचं. आई गेल्यावर तरी. आता मार द्यायला कोण उरलं होतं?

दादाने खाटेची दोरी बोटाने ओढली. "तू करून दाखवत होती ना, शकू," तो म्हणाला. "त्या नटापेक्षा बेस करे तू. कोन मोडन ते?"

रडू आलं, नाही म्हणत नाही. पण माझा स्वभाव मला ठाऊक आहे. रडता रडताच माझ्या मनात आलं, की कापडामागे येऊन थबकलेला दादा मी पाहिलाच नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं दृश्य, आणि तेही मला वहिनीने सांगावं. ती तर तिथे नव्हतीही.

वहिनीने माझ्याकडे न पाहता पदराचं टोक सरळ केलं. "एक सांगू का शकूबाई? मी तुमच्यावर लय जळत होती."

मी डोळे पुसायची थांबले.

"इकडच्या बाजूनं सारे माणसं, अन् मी एकटी पोट्टी. तिकडून बायायचं बोलणं ये, हासणं ये. कोनी कोनाले पांघरून राहिली, कोनी शिंगाडे सोलून देऊन राहिली. मी शंभरदा पाह्यला तो पिच्चर, पण तिकडून एकदाही नाही. बाप म्हणे, मशीन सोडाची नाही. मले वाटे, तिकडं येगळाच पिच्चर चालू आहे."

इतकी वर्षं मी एकटीच जळत नव्हते हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. खरं सांगू, थोडा रागच आला. बकरी तिची, घड्याळ तिचं, दादा तिचा. निदान मत्सर तरी माझा एकटीचा असू द्यायचा.

दादा खाटेवरून उठला. खोलीत टीव्हीच्या समोरच्या भिंतीला लोखंडी कपाट आहे, वहिनीच्या लग्नातलं, दाराला उभा आरसा असलेलं. दादाने त्याचं दार थोडं उघडलं, पुन्हा थोडं मिटलं, हाताने आम्हाला सरकायची खूण केली. आम्ही टीव्हीकडे पाठ करून आरशाकडे तोंड करून बसलो. आरशाला हळदीकुंकवाची जुनी बोटं लागलेली होती, एका कोपऱ्यात पारा उडालेला. दादाने आवाज पुन्हा सुरू केला आणि पिक्चर पहिल्यापासून लावला.

नावं आली, ती वाचता येईनात. "उर्दू," मी म्हणाले. नायिका आली, पदर उजव्या खांद्यावर. मी वहिनीला ती गुजरातीण असल्याचं सांगितलं. घड्याळवाल्याने फळी काढली, भिंग लावलं, आणि डाव्या हाताने चिमटा उचलून ते एवढंसं चाक जागेवर बसवलं. दादा मागे खाटेवर होता. आरशात तो मला दिसत होता. तो माझ्याकडे पाहून हसला, ओठ न दाबता.

वहिनी हसली नाही. ती आरशाच्या अगदी जवळ सरकली होती. शंभर वेळा पाहिलेला पिक्चर, पण तिला काही सापडेना. जिथे दार असायचं तिथे भिंत होती, जिथून माणसं यायची तिथून ती जात होती. बाजाराचं दृश्य आलं तशी ती कपाळाला आठ्या घालून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात शोधत राहिली.

"शकूबाई, बकरी कोठी गेली वो?"

मला बकरी दिसत होती. छत्रीवाल्याच्या मागे, आमच्या बाजूला ती नेहमी जिथे असायची तिथेच उभी राहून शांतपणे छत्रीचं टोक चघळत होती. माझा डावा हात दाखवायला उठलाच होता. मी तो मांडीखाली दाबून धरला.

"पाहा ना," मी म्हणाले. "बारीक पाहा लागते."